पाच चौकट, हप्त्याहप्त्याने

ब्रिजच्या या डावात दोन्ही टेबलांवर शेवटी एकच कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीतला शेवटचा वायदा, लागलं: ५ चौकट (चौकट हुकूम करून तेरापैकी अकरा हात, सहा अधिक पाच), त्यावर डबल, म्हणजे समोरच्यांनी दंड वाढवलेला. दोन्हीकडे दोन हात कमी पडले. एका टेबलावर त्याचे ३०० गुण गेले, दुसऱ्यावर ६२०. दुसरं टेबल आमचं. पत्ते खेळताना आमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. जे एका दमात बोलायचं ते मी दोन हप्त्यांत बोललो, त्याचं हे व्याज.

मे महिन्यातला रविवार होता, धरमपेठेतल्या एका सभागृहात संघांचा सामना: तेच पत्ते दोन टेबलांवर, एका टेबलावर आपली जोडी पूर्व-पश्चिम, पलीकडच्या टेबलावर आपल्या संघाची दुसरी जोडी उत्तर-दक्षिण. नागपुरात मे महिन्यात ब्रिज खेळायचं तर आधी कूलरशी तह करावा लागतो. जवळ ठेवला तर डमीचे (टेबलावर उघडे मांडलेले) पत्ते उडतात, लांब ठेवला तर खेळणाऱ्यांची शुद्ध. त्या दिवशी तो लांब होता. उकाड्याला मी कारण म्हणून पुढे करत नाही, पण सकाळपासूनचा हा एकविसावा डाव होता एवढं सांगून ठेवतो.

मी पूर्वेला, काका पश्चिमेला. काका नात्याने माझे कोणी नाहीत. कोळसा खाणीत सर्व्हेअर होते, निवृत्त झाले, आणि गेली सहा वर्षं माझे भिडू आहेत. दक्षिणेला एक डॉक्टर बाई आणि उत्तरेला त्यांचे मिस्टर. दोघं शांत खेळणारे, एकमेकांवर न चिडणारे. असं जोडपं ब्रिजच्या टेबलावर क्वचितच दिसतं. वाटप दक्षिणेचं. ते व्हल्नरेबल (म्हणजे त्यांच्यासाठी बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे), आम्ही नाही. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे.

पत्ते असे होते:

उत्तर: इस्पिक राणी-८-२, बदाम राणी-५-३, चौकट १०-५, किलवर राजा-राणी-८-६-३
पूर्व (मी): इस्पिक १०-३, बदाम गुलाम-१०-९-७-४, चौकट राणी-९-६-४, किलवर ७-२
दक्षिण: इस्पिक एक्का-राजा-गुलाम-९-६-४, बदाम राजा-६-२, चौकट २, किलवर गुलाम-१०-५
पश्चिम (काका): इस्पिक ७-५, बदाम एक्का-८, चौकट एक्का-राजा-गुलाम-८-७-३, किलवर एक्का-९-४

आणि बोली अशी झाली:

दक्षिण १ इस्पिक, पश्चिम २ चौकट, उत्तर २ इस्पिक, पूर्व ३ चौकट.
दक्षिण ३ बदाम, पश्चिम पास, उत्तर ४ इस्पिक, पूर्व ५ चौकट.
दक्षिण डबल, आणि सगळे पास.

कागदावर ही बोली निरुपद्रवी दिसते. दक्षिणेच्या ३ बदामनंतरचा काकांचा पास मात्र कागदावर दिसतो तसा झाला नव्हता. काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला, पत्ते मिटले, उघडले, बोलीच्या डब्याकडे हात नेला, मागे घेतला, आणि मग हिरवं पासचं कार्ड ठेवलं. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. टेबलावर ते फार लांब वाटतात.

पुढे ४ इस्पिक आलं आणि मी ५ चौकट ठेवलं. त्यावर डॉक्टर बाईंनी आवाज न चढवता डायरेक्टरला (सामन्याच्या पंचांना) बोलावलं. "यांच्या भिडूने बराच वेळ विचार करून पास केलं होतं, एवढंच नोंदवून ठेवा," म्हणाल्या. मग डाव पुरा खेळला गेला. उत्तरेने इस्पिक उतारी केली, त्यांनी इस्पिकचे दोन हात घेतले आणि किलवरवर वळले. काकांनी एक्का घेतला, हुकूम काढले, पण बदामचा एक आणि किलवरचा एक हात द्यावाच लागला. नऊ हात झाले, दोन कमी. डबलमध्ये, व्हल्नरेबल नसताना, ३०० गुण.

आम्ही मनातून खूश होतो, कारण ४ इस्पिक सरळ होत होतं. आमच्याकडे तीन एक्के होते आणि तीनच. दक्षिणेला चौकट एकच, बदामचा एक हात जाणार, किलवरचा एक. इस्पिक दोन-दोन वाटलेले, त्यामुळे हुकमात काहीच जात नाही. उत्तरेच्या लांब किलवरवर दक्षिण दोन बदाम टाकू शकते, तिसरा उरतोच. बरोबर दहा हात, ६२० गुण. त्याजागी ३०० देऊन सुटलो होतो.

मग डायरेक्टर आले. त्यांनी माझे तेरा पत्ते आणि झालेली बोली हॉलमधल्या चार खेळाडूंना दाखवली, काकांच्या विचाराबद्दल चकार शब्द न काढता, आणि विचारलं, ४ इस्पिकवर काय कराल? दोघांनी पास केलं. निकाल लागला: ५ चौकट रद्द, ४ इस्पिक झालं असं धरायचं. ६२० गुण त्यांना.

कायदा इथे फार बारीक आहे आणि तो पुष्कळ जुन्या खेळाडूंनाही नीट माहीत नसतो. भिडूने विचार करणं हा गुन्हा नाही. खेळ विचार करण्याचाच आहे. पण भिडूच्या बोलीतून जी माहिती मिळते तीच वापरायची, त्याच्या चष्म्यातून जी मिळते ती नाही. नियमांच्या सोळाव्या कलमात हे आहे. भिडूच्या वागण्यातून, थांबण्यातून, सुस्काऱ्यातून एखादी कृती सुचत असेल आणि त्याऐवजी दुसरा समंजस पर्याय उपलब्ध असेल, तर सुचलेली कृती करता येत नाही. तुमच्या पातळीचे, तुमचीच पद्धत खेळणारे बरेच जण ज्याचा गंभीरपणे विचार करतील आणि काही जण निवडतीलही, तो समंजस पर्याय. चारातल्या दोघांनी पास केलं, म्हणजे पास हा पर्याय होताच. आणि काकांचा लांबलेला पास काय सांगत होता? माझ्याकडे बरंच काही आहे, पण मला कळत नाही काय करू. त्या माहितीवर ५ चौकट जास्त सुरक्षित होतं. मला ती माहिती हवी होती का, मी ती वापरली का, हे डायरेक्टर विचारत नाहीत. मनात शिरता येत नाही म्हणून तर नियम असा लिहिलेला आहे.

मी तरी म्हणालो, "सर, मी पाचवर जाणारच होतो. माझ्याकडे चौकटचे चार पत्ते आहेत, पत्त्यांचे गुण तीन. दुसरं करणार काय?"

डायरेक्टर म्हणाले, "जाणारच होते, तर पहिल्याच वेळी काऊन नाही गेले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पलीकडच्या टेबलावर नेमकं तेच झालं होतं. तिथे आमचे सहकारी उत्तर-दक्षिण बसले होते आणि माझे पत्ते घेतलेल्या गृहस्थांनी २ इस्पिकवर थेट ५ चौकट टाकलं. आमच्या दक्षिणेने पास केलं. तिथल्या पश्चिमेने पास, आमच्या उत्तरेने डबल. दोन कमी, ३०० गुण आम्हाला. तिथल्या पश्चिमेने चष्मा दहा वेळा पुसला असता तरी फरक पडत नव्हता, कारण त्याच्या भिडूचं बोलून संपलं होतं. भिडूला आता काही ठरवायचंच नव्हतं, मग त्याला काही सुचण्याचा प्रश्न कुठे येतो? आमच्या खात्यात एकीकडे ३००, दुसरीकडे उणे ६२०. फरक ३२० चा, म्हणजे ८ इम्प (दोन टेबलांवरच्या गुणांच्या फरकावरून मोजले जाणारे सामन्याचे गुण). सामना आम्ही ६ इम्पने हरलो.

आता ३ चौकटकडे परत जाऊ.

मी ते का बोललो हे प्रामाणिकपणे सांगतो. पत्त्यांत एक राणी, एक गुलाम, म्हणजे तीन गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). मनात आलं, गुण नाहीत तर आवाज कशाला करायचा. जोडीदाराला फक्त कळवू की चौकट मला चालतो. बचावाची बोली शिकताना जवळपास प्रत्येक जण ही चूक करतो. हल्ल्याच्या बोलीत गुण मोजायचे असतात, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की समोरच्यांनी इस्पिकमध्ये जोड लावल्यावरही (दोघांनी तोच रंग बोलल्यावरही) आपण गुणच मोजत राहतो. तिथे मोजायचे असतात हुकूम.

ज्याँ-रेने व्हेर्न या फ्रेंच माणसाने १९६९ मध्ये हे सूत्र एका अमेरिकन ब्रिज मासिकात मांडलं. दोन्ही बाजूंच्या सगळ्यात लांब जोडांतले हुकूम मिळवले की त्यांची बेरीज दोन्ही बाजूंना मिळणाऱ्या एकूण हातांच्या जवळपास येते. लॅरी कोहेन यांनी १९९२ मध्ये यावर पुस्तक लिहिल्यावर ते जगभरच्या क्लबांत पोचलं. आमच्या डावात त्यांचे इस्पिक नऊ, आमचे चौकट दहा. एकूण एकोणीस. ते इस्पिकमध्ये दहा करतात, आम्ही चौकटमध्ये नऊ. सूत्र नेहमी इतकं चोख बसत नाही, एखादा हात इकडे-तिकडे होतो. इथे मात्र काटा बरोबर मध्यावर थांबला.

टेबलावर बसून मला हे कितपत दिसत होतं? २ च्या पातळीवरचा ओव्हरकॉल (समोरच्यांनी बोली उघडल्यावर आपला रंग बोलणं), व्हल्नरेबल नसलो तरी, काका पाच पत्त्यांवर सहसा करत नाहीत. म्हणजे त्यांचे सहा, माझे चार. दहा हुकूम. सूत्राचा ढोबळ उपयोग असा की जितके हुकूम तितक्या हातांच्या पातळीपर्यंत झटकन जावं. दहा हुकूम म्हणजे दहा हातांची बोली, ४ चौकट. ३ चौकट हे नऊ हुकमांचं बोलणं होतं. मी भिडूला एक पत्ता कमी सांगितला, आणि तोच पत्ता त्यांना पुढे हवा होता.

त्याहून मोठं नुकसान समोरच्यांना मिळालेल्या पायरीचं. ३ चौकट आणि ३ इस्पिक यांच्यामध्ये एकच बोली राहते, ३ बदाम. डॉक्टर बाईंकडे १२ गुण, सहा चांगले इस्पिक, एक सिंगलटन (एका रंगाचा एकच पत्ता). ३ इस्पिक करून थांबावं इतकी वाईट पानं नाहीत, सरळ ४ इस्पिक मारावं इतकी चांगलीही नाहीत. त्यांना भिडूला विचारायचं होतं, आणि मी विचारायला जागा ठेवली. ३ बदाम म्हणजे, तुमची २ इस्पिकची बोली कमीची होती की भक्कम, आणि बदाममध्ये काही मदत आहे का? मिस्टरांकडे बदामाची राणी, किलवरचा राजा-राणी, एकूण ९ गुण. ते हसून ४ इस्पिकला गेले.

मी ४ चौकट केलं असतं तर ही पायरी नसतीच. बाईंना १२ गुणांवर एकटीने ठरवावं लागलं असतं, आणि मिस्टरांची पानं कमी असली तर ४ इस्पिक बुडतं हेही त्यांना दिसत होतं. कदाचित त्यांनी पास केलं असतं, मिस्टरांनीही, आणि ४ चौकट एक हात कमी पडून ५० गुणांत प्रकरण मिटलं असतं. कदाचित त्यांनी ४ इस्पिक केलंही असतं. मग निर्णय काकांचा. पण तेव्हा काकांना माहीत असतं की माझ्याकडे चौकटचे चार पत्ते आहेत आणि बाकी काही नाही. त्यांच्यापुढचा अर्धा गुंता सुटलेला असतो. ३ बदामवर चष्मा पुसायची वेळ आली ती या गुंत्यामुळे. काकांना एवढंच कळत होतं की माझ्याकडे चौकट कसे तरी आहेत. तीन की चार? बाजूला एखादा राजा आहे की नाही? तीन एक्के घेऊन बसलेला माणूस तिथे थांबणारच. मी त्यांना थांबायला भाग पाडलं आणि नंतर त्यांच्या थांबण्याचा फायदाही उचलला. दोन्ही गुन्हे माझेच.

गुणांचा हिशेब ज्यांच्या डोक्यात रोज नसतो त्यांच्यासाठी: व्हल्नरेबल असताना ४ इस्पिक केलं की ६२०, नसताना ४२०. डबलमध्ये आपण बुडालो तर, आपण व्हल्नरेबल नसल्यास, एक हात कमी १००, दोन ३००, तीन ५००, चार ८००. व्हल्नरेबल असल्यास २००, ५००, ८००. म्हणजे त्या दिवशीच्या रंगात (कोण व्हल्नरेबल, कोण नाही, यालाही रंगच म्हणतो) आम्ही तीन हात बुडालो तरी ५०० देऊन ६२० वाचवत होतो. हेच पत्ते उलट्या रंगात आले असते, ते मोकळे आणि आम्ही व्हल्नरेबल, तर दोन हात कमी पडून ५०० गेले असते, तेही ४२० वाचवायला. तेव्हा ५ चौकट हा वेडेपणा आणि ४ चौकटही दोनदा विचार करून. हॅरॉल्ड व्हॅंडरबिल्ट यांनी १९२५ साली लॉस एंजेलिसहून पनामामार्गे हवानाला जाणाऱ्या जहाजावर ही गुणपद्धत आपल्या सोबत्यांवर पहिल्यांदा आजमावली. तिच्यातला व्हल्नरेबलचा भाग काढून टाकला तर बचावाची बोली निम्मी मरते, असं मला वाटतं.

सामना संपल्यावर काका माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि शंकरनगर चौकापासून भांडण सुरू झालं. दुपारचा दीड. सिग्नलच्या बरंच अलीकडे झाडाच्या सावलीत सगळी वाहनं थांबलेली, आम्हीही त्यात.

काकांचं म्हणणं ४ चौकट नको, ५ चौकटच. "तू चार बोलून त्यांना चार इस्पिकची पायरी देऊन राहिला. पाच बोल. मग त्यांच्याकडे दोनच रस्ते. पाच इस्पिकला गेले तर आपले तीन एक्के, एक कमी. डबल केलं तर तीनशे. दोन्हीत सहाशे वीस कुठंच नाही."

माझं म्हणणं वेगळं आहे आणि अजूनही आहे. माझ्याकडे इस्पिकचे दोन छोटे पत्ते होते. एकच असता तर इस्पिकचा एक हात वाचला असता आणि मी डोळे मिटून ५ चौकट केलं असतं. दोन-पाच-चार-दोन ही पाचवर उडी मारायची वाटणी नव्हे. शिवाय काकांच्या २ चौकटमध्ये १६ गुण आहेत हे मला ठाऊक नव्हतं. तिथे ९ गुण आणि सहा चौकट असे असते तर आमचे हात सातवर आले असते आणि चार कमी पडून ८०० गेले असते. किंवा ४ इस्पिक मुळातच बुडणारं असतं आणि आपण फुकटचं बलिदान दिलं असतं. चौकटच्या राणीचं मात्र मला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं, ते आता कळतं. चौकट हुकूम असताना ती राणी सोन्याची, कारण भिडूच्या रंगातली भेग ती बुजवते. इस्पिक हुकूम असताना तिची किंमत शून्य, कारण दक्षिण दुसऱ्या चौकटला कापणारच. गुण दोन्हीकडे दोनच मोजले जातात. ज्या पानांत असे एकतर्फी गुण असतात ती पानं पटकन आणि उंच बोलायची, आणि ज्यांत बाहेरचे एक्के-राजे असतात ती सबुरीने.

काका म्हणाले, "आठ इम्प माझ्या चष्म्याचे." मी म्हणालो, "काका, चष्मा तुम्हाला माझ्यामुळे काढावा लागला." त्यावर ते लॉ कॉलेज चौकापर्यंत गप्प. ते गप्प बसले की समजायचं, पटलंय पण कबूल नाही.

त्या आठवड्यात आम्ही कराराच्या कार्डावर (भिडूंनी बोलींचे ठरलेले अर्थ लिहायचं कार्ड) पाठिंब्याच्या बोलींना पहिल्यांदा अर्थ लिहिले. सहा वर्षं खेळून हे लिहिलेलं नव्हतं, हे सांगायला लाज वाटते. भिडूने ओव्हरकॉल केल्यावर आणि समोरच्यांनी जोड लावल्यावर साधा पाठिंबा म्हणजे तीन पत्ते आणि थोडे कामाचे गुण, याउपर माझ्याकडून अपेक्षा नको. त्यांचाच रंग बोलणं, इथे ३ इस्पिक, म्हणजे १० किंवा जास्त गुणांचा खरा पाठिंबा, तू ठरव. उडी (पायरी गाळून पाठिंबा) म्हणजे चार पत्ते, बचावात शून्य. आणि उडी मारणाऱ्याने त्यानंतर तोंड उघडायचं नाही, समोरच्यांनी काहीही बोललं तरी. पुढे जायचं की सोडायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, कारण त्याला आता सगळं माहीत आहे आणि पहिल्याला काहीच नवीन कळलेलं नाही. ही शेवटची ओळ काकांनी लाल पेनाने लिहिली, माझ्याकडे बघत.

विचार कधी करायचा हेही बोललो, लिहिलं नाही. मला दहा सेकंद घ्यायचे होते तर ते ३ चौकटच्या आधी घ्यायला हवे होते. तेव्हा विचार करून ४ चौकट ठेवलं असतं तर बोलीनेच सगळं सांगितलं असतं, माझ्या थांबण्यातून भिडूला जास्तीचं फारसं काही मिळालं नसतं. थांबून उडी मारली की चेहऱ्याचं ओझं पत्ते उचलतात. थांबून पास केलं की ते भिडूच्या डोक्यावर जातं.

उडी चारवर की पाचवर, ते कार्डावर अजून पक्कं नाही. काकांनी तिथे पाच लिहिलं होतं, मी खोडून चार केलं. मागच्या रविवारी पाहिलं तर चारच्या पुढे पेन्सिलने एक कंस आणि त्यात 'रंग बघून पाच' असं आलेलं होतं. मी अजून खोडलेलं नाही.